वाटाड्या आणि वाटसरू

(बुद्धपौर्णिमेनिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

श्रावस्ती नगरीच्या पूर्वेस पूर्वाराम नावाचा विहार होता. विशाखा या थोर उपासिकेने तो बांधून भगवान बुद्धांच्या संघाला अर्पण केला होता. तिला मृगारमाता म्हणत, म्हणून तो मृगारमातेचा प्रासाद या नावानेही ओळखला जाई. एके दिवशी गणक मोग्गल्लान नावाचा ब्राह्मण तेथे आला. गणक म्हणजे हिशेबनीस. माणूस हिशेबाचा, त्यामुळे त्याची शंकाही हिशेबाचीच होती. या प्रासादाला जशी पायरीमागून पायरी आहे, वेदाध्ययनाला, धनुर्विद्येला आणि गणिताला जसा क्रम आहे, तसा क्रम तथागतांच्या धर्मात आहे काय, असे त्याने विचारले. आहे, असे उत्तर मिळाले आणि तथागतांनी तो क्रम विस्ताराने सांगितला. आधी शील, मग इंद्रियांचा संयम, मग आहाराचे भान, जागरूकता, प्रत्येक कृतीतील सावधानता, मग एकांत, चित्तावरील पाच आवरणे दूर करणे आणि शेवटी ध्यान.

मग त्याने खरा अडचणीचा प्रश्न विचारला. इतका स्पष्ट उपदेश ऐकून सर्व शिष्य निर्वाणापर्यंत पोहोचतात काय? काही पोहोचतात, काही पोहोचत नाहीत, असे तथागत म्हणाले. निर्वाण आहे, तिकडे जाणारा मार्ग आहे आणि दाखविणारा समोर बसला आहे. मग असे का व्हावे? यावर तथागतांनी त्यालाच विचारले की, राजगृहाची वाट त्याला ठाऊक आहे काय. होती. मग दोन माणसे त्याच्याकडे वाट विचारायला आली, त्याने दोघांनाही सारख्याच खाणाखुणा सांगितल्या, तरी एक भलत्याच रस्त्याला लागला आणि दुसरा सुखरूप पोहोचला, तर दोष कोणाचा? ब्राह्मण उत्तरला की, त्यात त्याचा काय इलाज, तो केवळ वाट सांगणारा. तथागत म्हणाले की, तेही वाट दाखविणारेच आहेत.

जगाच्या धर्मेतिहासात इतकी निगर्वी भूमिका घेणारे संस्थापक फार थोडे आढळतील. तथागतांनी मुक्ती देण्याचे आश्वासन दिले नाही. त्यांनी वाट दाखविली आणि चालण्याची जबाबदारी चालणाऱ्यावर ठेवली. ही वाट कोणती, तिच्या पायऱ्या कोणत्या आणि आजच्या कुटुंबवत्सल, नोकरीधंदा करणाऱ्या माणसाला तिचा अर्थ काय, एवढाच या विवेचनाचा विषय आहे.

शोधाची सहा वर्षे

सिद्धार्थ गौतमाच्या गृहत्यागाची लोकप्रिय कथा सर्वांना ठाऊक आहे. वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी अशी चार दृश्ये पाहून राजपुत्र मध्यरात्री निघून जातो. मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तात मात्र तथागत स्वतःच्या गृहत्यागाचे जे कथन करतात, ते याहून साधे आणि अधिक हृदयस्पर्शी आहे. तेथे चार दृश्ये नाहीत आणि मध्यरात्रीचे गुपचूप प्रयाणही नाही. आईवडील अश्रू ढाळीत असताना, भर तारुण्यात, केस उतरवून आणि काषाय वस्त्रे परिधान करून ते घराबाहेर पडले. जे स्वतः जरा, व्याधी आणि मरण यांच्या अधीन आहे, त्याच गोष्टींचा शोध जरामरणाधीन माणसाने किती काळ घेत राहावा, हा त्या गृहत्यागामागील प्रश्न होता.

वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी निघालेला हा शोधक प्रथम आळार कालाम आणि नंतर उद्दक रामपुत्त या आचार्यांकडे गेला. दोघांनी शिकविलेल्या समाधीच्या अत्युच्च अवस्था त्याने अल्पकाळात साध्य केल्या. आळारांनी तर त्याला बरोबरीचे स्थान देऊन शिष्यसमुदाय सांभाळण्याची विनंती केली. परंतु समाधीतून उठल्यावर मूळ प्रश्न जागच्या जागीच होता. गौतमाने मानाचे ते आसन नाकारले.

त्यानंतर उरुवेलेच्या परिसरात, निरंजना नदीच्या काठी घोर तपश्चर्या झाली. आहार इतका घटविला की, पोटाला हात लावावा तर पाठीचा कणा हाती लागावा. देह झिजला, पण बोध झाला नाही. अशा वेळी त्याला बालपणीचा एक प्रसंग आठवला. वडील शेताच्या कामात गुंतलेले असताना जांभळीच्या शीतल सावलीत बसलेल्या त्या बालकाचे चित्त सहज एकाग्र झाले होते आणि त्याला निर्मळ आनंद लाभला होता. ज्या सुखात वासना नाही, पाप नाही, त्या सुखाची भीती कशाला बाळगायची, हा विचार त्याच्या मनात आला आणि येथेच वाटेचे वळण सापडले. देहाला छळून चित्त शुद्ध होत नाही, हे ओळखून त्याने पुन्हा अन्न घेतले. हा तपोभ्रष्ट झाला, असे समजून सोबतचे पाच तपस्वी त्याला सोडून गेले.

एकटा राहिलेला गौतम पिंपळाखाली बसला. रात्रीच्या पहिल्या प्रहरी पूर्वजन्मांची स्मृती, दुसऱ्या प्रहरी प्राणिमात्रांच्या कर्मगतीचे दर्शन आणि अखेरच्या प्रहरी चित्तातील आस्रवांचा, म्हणजे वासना, भवतृष्णा आणि अविद्या या झिरपत्या मळांचा क्षय, असे त्या रात्रीचे वर्णन सुत्तांत आहे. पहाट झाली तेव्हा पस्तीस वर्षांचा गौतम बुद्ध झाला होता.

यानंतरचा एक लहानसा प्रसंग सहसा सांगितला जात नाही. सारनाथकडे निघालेल्या बुद्धांना वाटेत उपक नावाचा आजीवक भेटला. त्यांची प्रसन्न मुद्रा पाहून त्याने गुरूचे नाव विचारले. या बोधाला गुरू नाही, असे उत्तर ऐकून तो असेलही असे म्हणाला, मान हलविली आणि दुसऱ्या वाटेने निघून गेला. ज्ञान समोर उभे असतानाही माणूस बगल देऊन जाऊ शकतो. गणक मोग्गल्लानाचा प्रश्न म्हणजे केवळ तर्काचा खेळ नव्हे, हे या उपकाकडे पाहून कळते.

वैद्याची चार वचने

सारनाथच्या मृगदावात तेच पाच तपस्वी पुन्हा भेटले. तेथे आषाढी पौर्णिमेला धर्मचक्र प्रवर्तित झाले. विषयसुखात बुडणे हे एक टोक, देहदंडन हे दुसरे टोक. दोन्ही टाळून जाणारा तो मध्यम मार्ग. या प्रवचनात चार आर्यसत्ये सांगितली गेली. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, दुःखाचा निरोध होऊ शकतो आणि त्या निरोधाकडे नेणारा मार्ग आहे. कुशल वैद्य रोग ओळखतो, निदान करतो, तो बरा होण्याजोगा आहे काय हे पाहतो आणि मग उपचार सांगतो. ही मांडणी तशीच आहे.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. चार सत्ये केवळ मान्य करण्यासाठी सांगितलेली नाहीत. प्रत्येक सत्याबरोबर एक कर्तव्य जोडलेले आहे. दुःख पूर्णपणे जाणायचे आहे, त्याचे कारण सोडायचे आहे, निरोध प्रत्यक्ष अनुभवायचा आहे आणि मार्ग आचरणात आणायचा आहे. औषधाचा कागद तोंडपाठ केल्याने रोग बरा होत नाही.

दुःख हा शब्दही समजून घेतला पाहिजे. जन्म, जरा, व्याधी आणि मरण हे दुःख तर आहेच. नावडत्याची गाठ पडणे, आवडत्याची ताटातूट होणे आणि हवे ते न मिळणे हेही दुःख आहे. पण याहून सूक्ष्म असे दुःख सुखाच्या पोटातच दडलेले असते, कारण जे सुख मिळाले ते टिकत नाही. नवे घर झाले की काही महिन्यांत त्याचे अप्रूप सरते. बढती मिळाली की पुढच्या बढतीची रुखरुख लागते. या अनुभवाला निराशावाद म्हणता येणार नाही. रोग आहे हे सांगणाऱ्या वैद्याला कोणी निराशावादी म्हणत नाही, आणि हा वैद्य तर रोग बरा होतो, असेही सांगतो.

दुःखाचे कारण तृष्णा. तिची तीन रूपे सांगितली आहेत. विषयभोगांची तृष्णा, असेच राहावे आणि अधिक व्हावे ही तृष्णा, आणि हे नकोच, संपून जावे ही तृष्णा. तिसरे रूप पुष्कळदा वैराग्याचा वेष घेते. म्हणून कंटाळा म्हणजे वैराग्य नव्हे आणि जगावर रुसणे म्हणजे निर्वाणाची ओढ नव्हे.

साखळी कोठे तुटते?

तृष्णा येते कोठून? याचे उत्तर म्हणजे प्रतीत्यसमुत्पाद, अर्थात कारण असेल तर कार्य घडते आणि कारण नाहीसे झाले की कार्यही नाहीसे होते हा नियम. अविद्या, संस्कार, विज्ञान, नामरूप, षडायतन, स्पर्श, वेदना, तृष्णा, उपादान, भव, जाती आणि जरामरण अशा बारा कड्यांची ही साखळी आहे. बुद्धांच्या साऱ्या शिकवणीचा गाभा येथे आहे.

रोजच्या जगण्यातले उदाहरण घेतले तर हा गहन विषय सुगम होतो. कोणी अपमानकारक बोलले. शब्द कानावर पडले, हा स्पर्श. छातीत कढ आला, ही वेदना. हे नको, याला धडा शिकवावा असे वाटले, ही तृष्णा. तो विचार घट्ट धरून ठेवला, हे उपादान. मग उलट उत्तर, भांडण, वर्षानुवर्षांचे वैर. स्पर्श टळत नाही, वेदनाही टळत नाही. अर्हतालाही काटा बोचतोच. परंतु वेदना आणि तृष्णा यांच्यामध्ये एक फट आहे. उमटलेली वेदना केवळ वेदना म्हणून पाहता आली, तिला हवे-नकोचे शेपूट जोडले गेले नाही, तर पुढची साखळी तयार होत नाही. ही फट सामान्य माणसाला दिसत नाही, कारण त्याचे लक्ष सतत बाहेर असते. ती दिसावी म्हणून स्मृतीची, म्हणजे अखंड सावधानतेची साधना आहे.

आठ अंगे, तीन मजले

सम्यक् दृष्टी, सम्यक् संकल्प, सम्यक् वाणी, सम्यक् कर्मान्त, सम्यक् आजीविका, सम्यक् व्यायाम, सम्यक् स्मृती आणि सम्यक् समाधी हा तो अष्टांगिक मार्ग. या आठ अंगांची शील, समाधी आणि प्रज्ञा अशी तीन भागांत विभागणी धम्मदिन्ना या भिक्षुणीने केल्याचे चूळवेदल्ल सुत्तात सांगितले आहे. विशाख नावाच्या उपासकाने विचारलेल्या तत्त्वज्ञानातील कठीण प्रश्नांची तिने उत्तरे दिली. हा विशाख म्हणजे तिच्या पूर्वाश्रमीचा पती होता, असे परंपरा सांगते. ती उत्तरे तथागतांच्या कानी घातली गेली, तेव्हा त्यांनी स्वतःही हेच उत्तर दिले असते, असे म्हणून तिच्या विवेचनावर मान्यतेची मोहोर उमटविली.

वाणी, कर्मान्त आणि आजीविका हे शील. सम्यक् वाणी म्हणजे केवळ खोटे न बोलणे नव्हे. चहाडी, कठोर बोलणे आणि निरर्थक बडबड याही त्याज्य आहेत. इकडचे तिकडे करून दोन माणसांत वितुष्ट आणणारा माणूस अक्षरशः सत्य बोलत असला तरी या कसोटीवर नापास होतो. हातातील दूरध्वनीवरून क्षणात शेकडो लोकांपर्यंत निरोप धाडण्याच्या या काळात चार निकषांची ही चाळणी फार मोलाची आहे. सम्यक् आजीविका म्हणजे शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार न करता उपजीविका चालविणे. पैसा कसा मिळविला हा अध्यात्माबाहेरचा विषय नाही, असे येथे स्पष्ट सांगितले आहे.

व्यायाम, स्मृती आणि समाधी हा दुसरा मजला. येथे व्यायाम म्हणजे प्रयत्न. न उद्भवलेले अकुशल विचार उद्भवू न देणे, उद्भवलेले दूर करणे, न उद्भवलेले कुशल विचार निर्माण करणे आणि निर्माण झालेले वाढविणे हे चार प्रयत्न होत. त्याचे प्रमाण किती असावे? सोण कोळिविस या श्रीमंत घरातून आलेल्या भिक्षूने चंक्रमण करता करता पाय रक्तबंबाळ करून घेतले आणि तरीही यश येत नाही म्हणून तो घरी परतण्याचा विचार करू लागला. तो पूर्वी उत्तम वीणा वाजवीत असे. वीणेच्या तारा अति ताणल्या तर सूर लागतो काय आणि अति ढिल्या सोडल्या तर लागतो काय, एवढेच तथागतांनी त्याला विचारले. सोणाला उमगले. त्याने प्रयत्न सम केला आणि तो अर्हत झाला.

दृष्टी आणि संकल्प ही प्रज्ञा. ती सर्वांत वरची पायरी असूनही यादीत प्रथम येते, कारण दिशा ठाऊक नसेल तर पहिले पाऊलही उचलता येत नाही. आरंभीची प्रज्ञा ऐकून आणि विचार करून आलेली असते, अखेरची अनुभवातून येते.

आज जगभर ध्यानाला मोठी मागणी आहे. ताण कमी व्हावा, झोप लागावी, कामात लक्ष लागावे म्हणून ध्यान शिकविले जाते. त्यात वावगे काही नाही. पण मृगारमातेच्या प्रासादातील तो हिशेबनीस हे पाहून नक्कीच विचारील की, पायऱ्या गाळून वरच्या मजल्यावर जायचे कसे? दिवसभर कार्यालयात लबाडी करून सायंकाळी अर्धा तास डोळे मिटले तर मन शांत होईल, पण ती शांती गुंगीची असेल. शीलाशिवाय समाधी म्हणजे पायाशिवाय भिंत. सुत्तांतील मार्गाच्या क्रमात शील आधी येते, ते याच कारणाने.

‘मी’ नावाची गाठ

वाटेवरचा सर्वांत अवघड टप्पा म्हणजे अनात्मवाद. पाच तपस्व्यांना दिलेल्या दुसऱ्या प्रवचनात तथागतांनी रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांची एकेक करून तपासणी केली. यांतील एकही नित्य नाही आणि एकही पूर्णपणे ताब्यात नाही. मग त्याला हे माझे, हा मी, असे कसे म्हणावे? पुढे यवन राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात हाच विचार रथाच्या दृष्टान्ताने मांडला गेला. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजेही रथ नव्हे. या भागांच्या विशिष्ट जुळणीला व्यवहारात रथ हे नाव आहे. माणसाचेही तसेच.

येथे उपनिषदांचा आत्मविचार आणि बुद्धांचा अनात्मविचार यांच्यात खरा मतभेद आहे. तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. या दोन विचारधारांमध्ये शेकडो वर्षे वाद झाला आणि त्या वादाने भारतीय तर्कशास्त्र समृद्ध केले. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना मात्र बौद्ध परंपरेत ब्रह्मविहार म्हणून आणि पातंजल योगसूत्रांत चित्तप्रसादनाचा उपाय म्हणून सारख्याच आढळतात. तत्त्वज्ञानात मतभेद असूनही साधनेच्या मार्गावर माणसे शेजारून चालू शकतात, याचे हे उदाहरण.

तथागतांचा रोख कोरड्या तत्त्वचर्चेवर नव्हताच. जग शाश्वत आहे की नाही, याचे उत्तर मिळाल्याखेरीज साधना करणार नाही, असे मालुंक्यपुत्ताने ठणकावले. तेव्हा त्यांनी विषारी बाण लागलेल्या माणसाचा दाखला दिला. बाण कोणी मारला, त्याचे कूळ कोणते, धनुष्य कोणत्या लाकडाचे हे कळल्याशिवाय बाण उपटू देणार नाही, असे तो म्हणत बसला, तर उत्तर मिळण्यापूर्वीच प्राण जाईल. केसपुत्त गावच्या कालामांना त्यांनी सांगितले की, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही स्वीकारू नये. स्वतः पारखून हितकर ठरेल ते स्वीकारावे. स्वतःचा धर्म म्हणजे नदी ओलांडण्याचा तराफा आहे, पैलतीरी पोहोचल्यावर तो डोक्यावर घेऊन हिंडायचा नसतो, असेही ते म्हणाले.

घरात राहणाऱ्यांची वाट

ही वाट केवळ भिक्षूंची आहे, हा समज चुकीचा आहे. राजगृहाजवळ सिगाल नावाचा गृहस्थपुत्र ओलेत्याने सहा दिशांना नमस्कार करीत होता. वडिलांनी मरतेवेळी तसे सांगितले होते, एवढेच त्याला माहीत होते. तथागतांनी त्याला सहा दिशांचा अर्थ दिला. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरुजन, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे सेवक आणि वरची म्हणजे श्रमण-ब्राह्मण. प्रत्येक दिशेचे नमन म्हणजे त्या नात्याचे कर्तव्य.

यांतील खालच्या दिशेचे कर्तव्य मुद्दाम वाचण्यासारखे आहे. सेवकाला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात त्याची शुश्रूषा करावी, घरात काही गोडधोड झाले तर त्याला वाटा द्यावा आणि योग्य वेळी सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा पाठ ज्या घरात धुण्याभांड्याला बाई येते, त्या प्रत्येक घराने पडताळून पाहावा. तिचा कप वेगळा ठेवायचा आणि दिवाणखान्यात बुद्धांची मूर्ती शोभेला ठेवायची, या दोन गोष्टी एका छताखाली नांदू शकत नाहीत.

कारण समता ही या धर्माची जोडकथा नाही, ती वाटेची अट आहे. शाक्य कुमार प्रव्रज्या घेण्यास आले तेव्हा त्यांनीच विनंती केली की, त्यांचा न्हावी उपाली याला आधी दीक्षा द्यावी, म्हणजे त्याला वंदन करताना शाक्यांचा कुलाभिमान गळून पडेल. तोच उपाली पुढे विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार ठरला आणि राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाविषयीचे प्रश्न त्यालाच विचारले गेले. झाडूवाल्याचे काम करणारा सुनीत थेर झाला आणि त्याच्या गाथा थेरगाथेत समाविष्ट झाल्या. गंगा, यमुना, अचिरवती, शरयू आणि मही या नद्या सागराला मिळाल्या की त्यांची वेगळी नावे उरत नाहीत, तसेच संघात आलेल्यांच्या वर्णांचे होते, असे तथागतांनी सांगितले. ज्याने ‘मी’ या गाठीचीच तपासणी आरंभली, त्याला ‘मी उच्च’ ही गाठ जपता येणार नाही, हे उघड आहे.

स्त्रियांनीही ही वाट अखेरपर्यंत चालून दाखविली. पती, दोन मुले आणि आईवडील एकापाठोपाठ गमावून भ्रमिष्ट झालेली पटाचारा संघात आली. एके सायंकाळी पाय धुताना उताराकडे वाहत जाणारे पाणी पाहून तिचे चित्त स्थिर झाले. मग कुटीत जाऊन तिने सुईने दिव्याची वात खाली ओढली. दिवा विझला आणि त्याच क्षणी तिचे चित्त मुक्त झाले. निर्वाण या शब्दाचा अर्थच विझणे असा आहे. राग, द्वेष आणि मोह यांची आग विझणे. थेरीगाथेत सत्तरांहून अधिक थेरींचे असे उद्गार आहेत.

महाराष्ट्राची साक्ष

महाराष्ट्राला ही वाट परकी नाही. सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे अवशेष मिळाले आणि 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. कार्ले, भाजे, कान्हेरी आणि अजिंठा येथील लेणी राजांबरोबर व्यापारी, कारागीर आणि सामान्य गृहस्थांच्या दानातूनही उभी राहिली, असे तेथील दानलेख सांगतात. गोव्यातील साखवाळ येथे 1876 मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धांच्या शोधात घर सोडून निघाले, श्रीलंकेत जाऊन पाली शिकले आणि मराठी वाचकांच्या हाती बुद्धचरित्र ठेवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह बुद्धांचा धम्म स्वीकारला. ज्यांना शतकानुशतके माणूस म्हणून नाकारले गेले, त्यांच्यासाठी ती वाट आत्मसन्मानाची ठरली. सत्यनारायण गोएंका यांनी ब्रह्मदेशातून आणलेल्या विपश्यना साधनेचे इगतपुरी हे 1976 पासून प्रमुख केंद्र बनले. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्र सरकारने मराठीबरोबरच पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. मराठी आणि पाली एकाच दिवशी एकाच पंक्तीत बसल्या. मूळ सुत्ते मराठी घरांत वाचली जावीत, यासाठी याहून चांगले निमित्त कोणते?

शेवटची पायरी

आनंदाचे उदाहरण या विषयाच्या अखेरीस घ्यावे असे आहे. पंचवीस वर्षे त्याने तथागतांची सावलीसारखी सेवा केली. सर्वाधिक उपदेश त्याने ऐकला आणि सर्वाधिक लक्षात ठेवला. तरीही तथागतांच्या महापरिनिर्वाणाच्या वेळी तो अर्हत झालेला नव्हता. वाटाड्याचा इतका निकट सहवासही त्याला मुक्कामी पोहोचवू शकला नाही. कुशीनगरात तो दाराच्या चौकटीला टेकून रडत उभा राहिला, तेव्हा तथागतांनी त्याला जवळ बोलावून त्याचे सांत्वन केले आणि प्रयत्नाला लागण्यास सांगितले. पुढे राजगृहाला पहिली संगीती भरायची होती. आदल्या रात्री आनंद उशिरापर्यंत साधना करीत राहिला. पहाटे विसाव्यासाठी तो आडवा होऊ लागला. पाय जमिनीवरून उचलले गेले होते आणि डोके उशीला टेकले नव्हते, अशा त्या मधल्या क्षणी त्याचे चित्त मुक्त झाले. संगीतीत तो अर्हत म्हणून प्रविष्ट झाला आणि त्याच्या स्मरणातून सुत्ते जगाला मिळाली.

ऐंशीव्या वर्षी, दोन सालवृक्षांच्या मध्ये पहुडलेल्या तथागतांनी उत्तराधिकारी नेमला नाही. यापुढे धर्म आणि विनय हेच गुरू, असे ते म्हणाले. जे जे घडलेले आहे ते ते नाशवंत आहे, म्हणून प्रमाद न करता स्वतःचे काम पुरे करावे, हा त्यांचा अखेरचा उपदेश होता.

सज्जनहो, वाटाडे निघून गेले, वाट राहिली. तिच्यावरून चालण्यासाठी रानात जाण्याची, केस उतरविण्याची वा मोठी पोथी पाठ करण्याची पूर्वअट नाही. जिभेवर आलेला कठोर शब्द आवरणे, मिळकतीत लबाडी न मिसळणे, घरी काम करणाऱ्या बाईला स्वतःच्याच पंक्तीला बसविणे आणि अपमानाची कळ उठेल तेव्हा क्षणभर थांबून तिच्याकडे पाहणे, या पहिल्या पायऱ्या आज रात्री घरी पोहोचल्यावरही चढता येतात. राजगृहाच्या खाणाखुणा सर्वांना सारख्याच सांगितल्या आहेत.